हृदयात सोडलेल्या मूलपेशी जातात कुठे?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही हृदयरुग्ण येतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात निकामी झालेला स्नायू मूलपेशी, म्हणजेच इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल, टोचल्यावर नवा होतो का, असे त्यांचे नातेवाईक आशेने विचारतात. त्यावर 'चमत्कार' म्हणून विकल्या जाणाऱ्या उपचारांपासून दूर राहिलेलेच बरे, कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज मूलपेशींचा कोणताही वापर प्रायोगिकच मानला जातो.

मुळात टोचलेल्या पेशी हृदयात टिकतात का? 2005 साली जर्मनीतील संशोधकांनी रुग्णांच्याच अस्थिमज्जेतील पेशींवर किरणोत्सारी ग्लुकोजची खूण करून त्या हृदयधमनीत सोडल्या, तेव्हा सुमारे तासाभरानंतर इजा झालेल्या स्नायूत त्यांपैकी जेमतेम 1.3 ते 2.6 टक्के आढळल्या. बाकीच्या मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत पोहोचल्या होत्या. मात्र त्या खुणेतील किरणोत्सारी फ्लोरिन-18 चा अर्धायुकाल, म्हणजे त्याची किरणोत्सारिता निम्मी होण्याचा काळ, अवघा 110 मिनिटांचा असल्यामुळे पुढच्या दिवसांत पेशींचे काय झाले हे तिच्यावरून कळत नाही.

दीर्घ पाळतीसाठी पेशींमध्ये लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरतात. एमआरआय यंत्र शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-केंद्रकांना एका तालात आणून त्यांचा एकत्रित संदेश टिपते. केंद्रकाच्या गिरकीचा वेग भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असतो. लोहकण ते क्षेत्र जागोजागी बदलतात, शेजारशेजारची केंद्रके वेगवेगळ्या वेगाने फिरू लागतात, त्यांचे संदेश परस्परांना खोडतात आणि चित्रात तिथे काळा डाग उमटतो. ही ढवळाढवळ कणाच्या आकाराच्या कितीतरी पलीकडे पसरते, म्हणूनच पेशींचा लहानसा पुंजकाही दिसतो. परंतु पेशी मेली तरी लोह उरते. मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तेही गिळतात आणि डाग तसाच राहतो. प्राण्यांवरील प्रयोगांत टोचलेल्या पेशी नाहीशा झाल्यावरही तो आठवडेच्या आठवडे दिसला आहे.

थायरॉइड ग्रंथीत आयोडीन ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक पेशीत घातले, तर फक्त जिवंत पेशीच किरणोत्सारी आयोडीन साठवून स्वतःचा ठाव देतात. पण त्यासाठी पेशीच्या जनुकसंचात फेरफार करावा लागतो आणि माणसाच्या बाबतीत ते जपूनच करायला हवे.

मग काही प्रयोगांत हृदयाचे कार्य सुधारलेले दिसते ते कशाने? 2020 साली प्रकाशित झालेल्या उंदरांवरील संशोधनात गोठवून मारलेल्या पेशी टोचूनही तशीच सुधारणा झाली, आणि ती घडवणाऱ्या पेशी होत्या तिथे जमलेल्या मॅक्रोफेज.