थान्ह होआचा पूल आणि लेझर बॉम्बची सुरुवात

उत्तर व्हिएतनाममध्ये थान्ह होआजवळ सोंग मा नदीवर रेल्वे आणि रस्त्याचा एक भक्कम पूल होता. ‘हाम रोंग’, म्हणजे ड्रॅगनचा जबडा, हे त्याचं नाव. ३ एप्रिल १९६५ ला ७९ अमेरिकी विमानं त्याच्यावर चालून गेली. ७५० पौंडी बॉम्ब पडले, बुलपप क्षेपणास्त्रं आदळली, पण पूल उभाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला, तेव्हा उत्तर व्हिएतनामच्या मिग-१७ विमानांनी दोन अमेरिकी थंडरचीफ विमानं पाडली. पूल तरीही पडला नाही. आणि नेम चुकला तरी बॉम्ब कुठेतरी पडतोच. त्याची किंमत खालची माणसं मोजतात.

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये, म्हणजे जेमतेम पाच वर्षांपूर्वी चालवून दाखवला होता. अमेरिकी लष्कराच्या रेडस्टोन आर्सेनलमध्ये त्याच्या प्रकाशाने अस्त्राला वाट दाखवण्यावर काम सुरू होतं. ती कल्पना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे अभियंते वेल्डन वर्ड यांनी विमानातून टाकायच्या बॉम्बवर आणली. मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं ते इथे, की त्यांनी नवा बॉम्ब बनवलाच नाही. कोठारात पडलेल्या साध्या बॉम्बलाच पुढे शोधक आणि हलणारे पंख लावले, मागे स्थिर पंख जोडले.

शोधकाच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखं डोकं होतं. ते वाऱ्याच्या झोतात आपोआप पडण्याच्या दिशेला वळे. आत चार भागांचा प्रकाशसंवेदक. विमानातून लक्ष्यावर अदृश्य लेझर रोखून धरायचा. तिथून परतलेला प्रकाश ज्या भागावर जास्त पडेल, तिकडे पंख बॉम्बला वळवत. पंख वळले तर पूर्ण वळत, अर्धवट नाहीच. बॉम्ब त्यामुळे थोडा नागमोडी जाई, पण यंत्रणा साधी राहिली आणि स्वस्तही.

१९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये त्याची प्रत्यक्ष युद्धात चाचणी झाली. एक अडचण मात्र होती: ढग आला की सगळं आंधळं. २७ एप्रिल १९७२ ला थान्ह होआवर ढगांमुळे लेझर बॉम्ब टाकताच आले नाहीत. १३ मे रोजी आकाश मोकळं मिळालं, १४ फँटम विमानं गेली आणि पुलाचा पश्चिमेकडचा गाळा आधारावरून खाली कोसळला.

कारगिल युद्धात २४ जून १९९९ ला टायगर हिलवर आपल्या मिराज-२००० विमानांनी टाकलेले बॉम्बही याच घडणीचे होते: मधे साधा १,००० पौंडी बॉम्ब, पुढे शोधक, मागे पंख.