संयुक्त वन व्यवस्थापन आणि सामूहिक वनहक्क : गावाच्या हाती नेमके काय येते?

विदर्भातल्या किंवा सातपुड्यातल्या एखाद्या गावाने जंगल राखले अशी बातमी येते, तेव्हा तिच्यात बहुधा दोन शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरलेले असतात : संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि सामूहिक वनहक्क. गोंधळ होण्यासारखेच आहे, कारण दोन्हींत गावाचे लोक, वनखात्याची जमीन, गस्त आणि वणवा विझवणे हे सारे असतेच, आणि पुष्कळदा समितीवरची माणसेही तीच असतात. तरीही या दोन व्यवस्थांची मुळे वेगळी आहेत, त्यांत गावाला मिळणारा अधिकार वेगळा आहे, आणि म्हणून बाहेरच्या संस्थेने वा मंडळाने गावाला करायची मदतही वेगळी ठरते.

संयुक्त वन व्यवस्थापनाचा उगम १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत आहे. त्या नीतीला धरून केंद्र सरकारने १ जून १९९० रोजी राज्यांना परिपत्रक पाठवले आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये त्यानुसार शासन निर्णय काढला. कल्पनेची पूर्वतयारी पश्चिम बंगालमधल्या अरबारी येथे सत्तरच्या दशकात झाली होती; तिथे साल वृक्षांच्या उजाड जंगलाची राखण गावकऱ्यांनी करावी आणि पुढे होणाऱ्या उत्पन्नात त्यांना वाटा मिळावा असा करार झाला, आणि जंगल पुन्हा उभे राहिले. या पद्धतीत गावात समिती स्थापन होते, तिचा सचिव सामान्यतः वनखात्याचा वनपाल किंवा वनरक्षक असतो, काम खात्याच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या दीर्घकालीन कामाच्या आराखड्यात) बसवले जाते, आणि गावाने चोरटी तोड रोखणे, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढणे, ठरलेल्या क्षेत्रात चराई बंद ठेवणे अशा कामांच्या बदल्यात त्याला मजुरी, काही वनोपज आणि उत्पन्नातला हिस्सा मिळतो. जमीन खात्याची, योजना खात्याची, सहभाग गावाचा, अशी ही रचना आहे. तिला आधार शासन निर्णयाचा आणि कराराचा असल्यामुळे पुढचा शासन निर्णय तिच्यात बदल करू शकतो आणि अधिकाऱ्याला समिती बरखास्तही करता येते.

म्हणून ही पद्धत कुचकामी होती असे मात्र म्हणता येणार नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याने नव्वदच्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे नियम करून, मोडणाऱ्याला दंड लावून शेकडो हेक्टर जंगल परत आणले. तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा गावांत जंगल वाचले ते मुख्यतः गावाच्या निश्चयाने. समितीच्या कागदाने त्या निश्चयाला वाट करून दिली इतकेच, आणि जिथे निश्चयच नव्हता तिथे निधी संपताच समितीही संपली, हा अनुभव ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही.

सामूहिक वनहक्क हे याहून निराळ्या जातीचे प्रकरण आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा संसदेने २००६ मध्ये केला, तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि नियम २००८ च्या जानेवारीत आले. कायद्याच्या नावातला ‘मान्यता’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सरकार इथे नवे काही देत नसून जे हक्क आधीपासून होते आणि वसाहतकाळापासून नोंदलेच गेले नाहीत, ते मान्य करते अशी या कायद्याची भूमिका आहे. त्यातील तिसऱ्या कलमात गावाने परंपरेने राखलेल्या वनसंसाधनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, आणि पाचव्या कलमात ग्रामसभेला वन्यजीव, जैवविविधता, पाणलोट आणि जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा, तसेच त्यांना बाधा आणणारे काम थांबवण्याचा अधिकार आहे. दावा ग्रामसभेची वनहक्क समिती तयार करते, ग्रामसभा ठराव करते, तो उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातो.

इथे एक गैरसमज वारंवार आढळतो : ‘जंगल गावाच्या नावावर झाले.’ तसे होत नाही. जमिनीचा दर्जा वनजमीन हाच राहतो. तो हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कुणाला हस्तांतरित करता येत नाही. आणखी एक सूक्ष्म फरक कार्यकर्त्यांनाही चकवतो. जळण, चराई, मासेमारी, वनोपज यांच्या वापराचे सामूहिक हक्क वेगळे आणि संपूर्ण वनसंसाधनाच्या व्यवस्थापनाचा हक्क वेगळा असून २०१२ च्या सुधारित नियमांपासून त्यांचे दावे वेगवेगळ्या नमुन्यांत भरायचे आहेत. ज्या गावाला फक्त वापराचे हक्क मिळाले आहेत, ते हातात प्रमाणपत्र असूनही आपल्या जंगलाची व्यवस्थापन योजना स्वतःच्या अधिकाराने करू शकेलच असे नाही. म्हणून ते प्रमाणपत्र नीट वाचून घेतल्याखेरीज पुढच्या कोणत्याही कामाची आखणी करू नये.

दोन व्यवस्थांमधला फरक सर्वांत स्पष्टपणे दिसला तो गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावी. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या या गोंड गावाने संयुक्त वन व्यवस्थापनाचा अनुभव आधीच घेतला होता. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकडाखेरीजचे वनोत्पादन) ठरलेले होते, म्हणजे ते तोडून विकण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला होता. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचे पुस्तक तेव्हा खात्याकडे होते. बांबू गवत की झाड या वादात दीड वर्षाहून अधिक काळ गेला आणि हक्क कागदावर राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. वाटेकरी आणि हक्कदार यांच्यात किती अंतर असते ते या एका पुस्तकावरून कळते : वाटेकऱ्याला माल निघाल्यावर हिस्सा मिळतो, तर हक्कदार माल काढायचा की नाही, किती काढायचा आणि कोणाला विकायचा हे ठरवतो.

‘की नाही’ हा भाग अधिक मोलाचा आहे, असे मला वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि बांबूतून गावाला रोजगार सुरू झाला. पण तेंदूपत्त्याचा पैसा हाताशी असताना ग्रामसभेने तो तोडायचाच नाही असे ठरवले. पाने चांगली फुटावीत म्हणून झुडपे छाटतात आणि आगी लावतात, त्यातून टेंभुर्णीची (म्हणजे तेंदूचीच) फळे जातात आणि जंगल होरपळते, हा त्यामागचा विचार होता. असा निर्णय समितीच्या पद्धतीत घेता येणे अवघड, कारण हंगाम आणि लिलाव दुसरीकडे ठरलेले असतात. ओडिशातल्या नियमगिरीत तर हा नकार थेट खाणीला गेला : सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर भरलेल्या सर्व १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला विरोध नोंदवला.

ग्रामसभा म्हणजे कोणती, हाही प्रश्न आहे. ग्रामपंचायतीत चार-पाच गावे असतील तर पंचायतीची ग्रामसभा त्या सर्वांची मिळून भरते, पण वनहक्क कायद्याला गाव, पाडा किंवा टोला या पातळीवरची सभा चालते. सुधारित नियमांनुसार तिच्यात निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सरपंचाच्या घरी बसून लिहिलेला ठराव जिल्हा समितीत अडकतो, आणि अडकायलाच हवा.

आता मदतीबद्दल. जिथे संयुक्त वन व्यवस्थापन आहे, तिथे स्वयंसेवी संस्था, महिला बचत गट किंवा तरुण मंडळे प्रामुख्याने हातभार लावू शकतात : फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळरेषा साफ करणे, रोपवाटिका चालवणे, गस्तीची पाळी लावणे, समितीच्या खात्याचा हिशेब गावासमोर वाचायला लावणे. प्रत्येक गोष्टीला वनखात्याची संमती लागते आणि ती घेऊनच काम करावे.

जिथे सामूहिक वनहक्क आहे किंवा मागायचा आहे, तिथे काम कागदाचे आणि चिकाटीचे असते. दाव्यासाठी निस्तार पत्रक (गावाच्या रूढ वापरहक्कांची जुनी नोंद), जुने नकाशे, वृद्धांचे जबाब असे किमान दोन पुरावे जोडावे लागतात. ते तहसील, भूमी अभिलेख आणि वन कार्यालयांत विखुरलेले असतात आणि मोलमजुरी बुडवून तिथे खेटे घालणे गावाला परवडत नाही. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेचे बँक खाते, पॅन, लेखापरीक्षण यांची गरज पडते. तेंदूच्या हंगामात ७० पानांचा पुडा फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागी) मोजला जातो तेव्हा नोंदवही कोण ठेवतो, ठेकेदाराने आगाऊ रक्कम किती भरली, करारावर सही कोणाची, या साध्या गोष्टी आधी शिकवलेल्या नसतील तर पैसे थकतात आणि दोष हक्काला दिला जातो. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावात ‘खोज’ या संस्थेने हे काम नेटाने केले. तिथे मिळालेले १९३ हेक्टर बहुतांशी उजाड होते. रोजगार हमीतून माती-पाण्याची कामे झाली, झाडे लावली गेली, आणि डोंगरावरची सीताफळे गाव स्वतः शहरात विकू लागले.

मात्र मदत करणाऱ्याने एक पथ्य पाळावे. व्यवस्थापन योजना संस्थेने पुण्यात किंवा नागपुरात बसून लिहिली आणि ग्रामसभेने तिच्यावर अंगठे उमटवले, तर खात्याच्या जागी संस्था आली एवढाच बदल होतो. मोह, चारोळी, हिरडा कुठे आहे, कोणत्या नाल्याला मार्चपर्यंत पाणी असते, गुरे कोणत्या वाटेने जातात हे गावाला माहीत असते. संस्थेने ते नकाशावर उतरवून द्यावे आणि पर्यायांचे परिणाम समजावून सांगावेत. पावसाळ्यात टेम्पोभर रोपे, टोप्या आणि छायाचित्रकार घेऊन येणाऱ्या शहरी मंडळांनाही हेच लागू आहे. सामूहिक हक्काच्या जंगलात खड्डा खणायचा तर आधी ग्रामसभेचा ठराव हवा, आणि ग्रामसभेने ‘इथे गवत राहू द्या’ असे सांगितले तर तेही ऐकावे लागेल.

दोन्ही व्यवस्था एकाच गावात असल्या की खरी कसोटी लागते. हक्कपत्र आल्यानंतरही जुन्या समितीचे खाते, तिच्या नावावरची रोपवने आणि तिचा फलक तसाच उभा राहतो, आणि मग दंडाची पावती कोणी फाडायची यावरून गावात दोन तट पडतात. अशा ठिकाणी ग्रामसभेने जुन्या समितीचा हिशेब मागवून, उरलेल्या पैशाचे काय करायचे याचा ठराव वनखात्याच्या प्रतिनिधीसमोर करावा आणि जंगलाची जबाबदारी आपल्या नव्या व्यवस्थापन समितीकडे लेखी सोपवावी. शेजारच्या गावाची गुरे त्याच जंगलात येत असतील तर सीमा ठरवताना दोन्ही गावांचे जाणते लोक सीमेवरून एकत्र फिरवावेत, आणि त्या गावाच्या चराईची व वाटेची नोंद दाव्यातच करून घ्यावी. दावा मंजूर झाल्यावर ही नोंद घुसवणे फार कठीण जाते.