प्रौढांमधील तोतरेपणा आणि वाचोपचार

काय बोलायचे ते नेमके ठाऊक असूनही शब्द तोंडातून सहज न सुटणे म्हणजे तोतरेपणा. अक्षर पुन्हा पुन्हा येते, स्वर लांबतो किंवा आवाजच अडतो. याचे मूळ आनुवंशिकतेत आणि मेंदूकडून होणाऱ्या वाचेच्या नियंत्रणात असते. भित्रेपणामुळे तो जडत नाही, ताणामुळे वाढतो मात्र. सुमारे ५ टक्के मुलांत तो कधी ना कधी दिसतो. मोठेपणी साधारण १ टक्का लोकांत उरतो, त्यांत पुरुष बरेच जास्त.

प्रौढपणी तो मुळापासून घालवणारे औषध नाही. त्यामुळे उपचाराचा खरा रोख शब्द बाहेर काढण्यासाठीचा झगडा आणि अडणाऱ्या शब्दांची टाळाटाळ कमी करण्यावर असावा. टाळाटाळ बाहेरून दिसत नाही: ‘मंगळवार’ अडेल म्हणून माणूस ‘परवा’ म्हणून वेळ निभावतो. पण स्वतःचे नाव बदलता येत नाही, आणि अनेकांची जीभ नेमकी तिथेच अडते.

अमेरिकन वाचोपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–१९९४) स्वतः तोतरे बोलत. त्यांची पद्धत उलट्या क्रमाने चालते. आधी अडलेला शब्द पूर्ण करायचा, दोन-तीन सेकंद थांबायचे, ताण कुठे आला ते ओळखायचे आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. हे जमले की अडलेले असतानाच सुटायला शिकायचे. ‘पाणी’ म्हणताना ओठ घट्ट मिटले, तर जोर लावायचा नाही, मागेही फिरायचे नाही. ओठांवरचा दाब हळूहळू कमी करत ‘पा’वर सरकायचे. शेवटी, अडण्याची चाहूल लागताच शब्दाची सुरुवातच हलकी करायची. नेहमीची चूक अशी की दुसऱ्यांदा शब्द अस्खलित यावा असा हट्ट धरला जातो. तिथे हवा असतो सैलपणा, अस्खलितपणा नव्हे.

थेरपिस्टसमोर जमलेले फोनवर मोडते, कारण घाईत तंत्राकडे लक्ष उरत नाही. म्हणून सराव पायरीपायरीने बाहेर न्यावा: आधी ओळखीच्या माणसाला फोन, मग अनोळख्याला, मग बैठकीत एक प्रश्न. सोप्या शब्दावर मुद्दाम अडखळण्याचा सरावही करतात. त्याने अडण्याची धास्ती उतरते. ‘मी अडखळत बोलतो, जरा वेळ लागेल’ हे सुरुवातीलाच, माफी न मागता सांगितले की लपवण्याचे ओझे हलके होते.

बोलण्याआधी खोल श्वास घेणे, मांडीवर टिचकी मारणे असल्या युक्त्या काही दिवस चालतात, मग त्यांची सवय जडते आणि अडणे तसेच राहते. ऐकणाऱ्याने ‘शांत हो’ म्हणू नये, शब्दही पुरा करून देऊ नये. नजर न हटवता वाक्य संपेपर्यंत थांबावे.