शोधयंत्र अनुकूलन, गोव्यातील

शोधयंत्र अनुकूलन : संकेतस्थळावरील पान गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांना सहज सापडावे, नीट उमगावे आणि नेमक्या प्रश्नाला उत्तर म्हणून वरच्या क्रमांकावर दिसावे, यासाठी त्याच्या मजकुरात, रचनेत आणि तांत्रिक बाजूंत केले जाणारे काम. बोलण्यात सगळे याला एसईओच (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) म्हणतात. पैसे भरून मिळणारी जाहिरातीची जागा यात मोडत नाही. गोव्यात हॉटेले, होमस्टे, भाड्याच्या दुचाकी देणारे, लग्नसोहळ्यांचे आयोजक, जमीनजुमल्याचे दलाल आणि दैनिके ही या कामाची नेहमीची गिऱ्हाइके.

शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप वाचणारा प्रोग्राम, दुव्यांमागून दुवे (लिंक) धरत पाने वाचत जातो. वाचलेल्याची सूची तयार होते आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून क्रम लावला जातो. क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स’ फाइल १९९४ पासून रूढ आहे. पानांची यादी देणारा साइटमॅप गूगलने २००५ मध्ये आणला. क्रम लावण्याच्या पद्धतीत मोठा पालट झाला तो स्टॅनफर्डचे विद्यार्थी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्या पेजरँकमुळे. एखाद्या पानाकडे इतर पाने किती बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावर त्या पानाचे महत्त्व ठरवायचे, ही त्यामागची कल्पना. तिच्याच जोरावर १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली. दुव्यांना किंमत आली तसा त्यांचा बाजारही भरला. तो मोडण्यासाठी गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन हा बदल केला. त्याआधी, २०११ मध्ये, पांडा नावाच्या बदलाने उथळ आणि उचललेल्या मजकुराला खाली ढकलले होते. पानाच्या आत दडवलेल्या ‘मेटा कीवर्ड’ला, म्हणजे शोधशब्दांच्या यादीला, क्रमवारीत काहीच स्थान नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. तरी तिथे पन्नास गावांची नावे भरून देणारे आजही भेटतात, आणि त्याचे पैसेही घेतात.

गोव्यातील खरी अडचण गावांच्या नावांपासून सुरू होते. डिचोलीला रोमन लिपीत जे लिहितात ते बाहेरचा माणूस ‘बिचोलिम’ असे वाचतो. सांखळीचे सँकेलिम, केप्याचे क्वेपेम, काणकोणचे कॅनाकोना, हणजुण्याचे अंजुना, हरमलचे अरंबोल. ही स्पेलिंगे पोर्तुगीज अमदानीतली. त्या भाषेत शब्दाच्या शेवटी येणारा ‘म’ हा आधीचा स्वर नाकातून उच्चारण्याची खूण असतो. पाळोळें या नावाचा अनुस्वार त्या ‘म’ने दाखवला, आणि पोर्तुगीज न जाणणाऱ्यांनी त्याचे सरळ ‘पालोलेम’ केले. राजधानीही सरकारी कागदावर पणजी आणि पर्यटकाच्या तोंडी पांजीम. म्हणजे घर चालवणारा एक नाव लिहितो, खोली शोधणारा दुसरेच टाइप करतो. पणजी आणि पांजीम एकच, हे शोधयंत्रांना कळते. पण लहान वाड्यांच्या बाबतीत तेवढा भरवसा ठेवू नये. चांगले पान दोन्ही नावे एखाद्या वाक्यात सहज गुंफते. वाईट पान तळाशी सगळी स्पेलिंगे ओळीने रचते. असे कीवर्ड कोंबणे गूगलच्या नियमांत स्पॅम ठरते आणि वाचणाऱ्यालाही ते ओशाळवाणे वाटते.

फरक गावांच्या नावांपुरता राहत नाही. महाराष्ट्रातून मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळ्याला कुलदैवताच्या दर्शनाला येणारे कुटुंब ‘भक्तनिवास’ शोधते. गोव्यातल्या देवस्थानांत उतरण्याच्या खोल्यांना अग्रशाळा म्हणतात, आणि देवस्थानाच्या पानावर तेवढाच शब्द असतो. मागे बसवून नेणाऱ्या दुचाकीवाल्याला गोवेकर ‘पायलट’ म्हणतो. पुण्याहून आलेला ‘बाईक टॅक्सी’ असे टाइप करतो. शोधणाऱ्याचा शब्द आणि सांगणाऱ्याचा शब्द पानावर एकत्र आणणे हेच गोव्यात या कामाचे मर्म आहे. त्याला महागडी साधने लागत नाहीत. फोनवर गिऱ्हाईक काय विचारते ते लिहून ठेवले तरी पुरे.

मराठी पानांना आणखी काही गाठी सोडवाव्या लागतात. नामाला विभक्ती लागली की त्याचे रूपच बदलते : म्हापसा पण म्हापशात, फोंडा पण फोंड्याला, पेडणे पण पेडण्याहून. म्हणून पानाच्या शीर्षकात मूळ रूप ठेवावे (‘म्हापसा : शुक्रवारचा बाजार’) आणि मजकूर मात्र नेहमीच्या मराठीत लिहावा. दुसरी गाठ गोव्याच्या पानांवर सर्वांत जास्त येणाऱ्या शब्दांपैकी एकात आहे, किनाऱ्यावर. यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संगणकी संकेतात, दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र अक्षरमाळा वेगळ्या. शिवाय घाईत टाइप केलेले ‘किनार्यावर’ हे अशुद्ध रूप जागोजागी सापडते. एका संकेतस्थळाने एकच रीत ठरवून पाळावी, आणि ती नुक्त्याची असावी, कारण जोडक मजकूर इकडून तिकडे नेताना अनेकदा गळून पडतो.

पानाच्या पत्त्याचेही (यूआरएल) तसेच. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि टक्केचिन्हांच्या संकेतात त्याची नऊ अक्षरे होतात. ‘पणजी’ या चार चिन्हांची छत्तीस. शोधयंत्राला असा पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की पुष्कळदा त्याचा नुसता केर दिसतो. त्यामुळे बहुतेक मराठी संकेतस्थळे पत्ता रोमन लिपीतच ठेवतात. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाव मिळते. गोव्यात ते वापरणारे विरळाच.

देशी भाषांतल्या अनेक दैनिकांचे इंटरनेटवरचे सुरुवातीचे अंक युनिकोडपूर्व फॉन्टांत होते. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ असे. तो मजकूर शोधात येत नाही. गोव्याच्या बातम्यांचा केवढा तरी ठेवा असा आंधळा झाला आहे, आणि आजही ई-पेपरचे पान नुसते चित्र म्हणून चढवले की तीच गत होते.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. परिणामी एकाच संकेतस्थळावर इंग्रजी, मराठी आणि कोकणी अशी तिन्ही पाने असू शकतात. एकाच मजकुराची ही भाषारूपे आहेत हे शोधयंत्राला सांगण्यासाठी ‘एचरेफलँग’ ही खूण असते. गूगल तिच्यात दोन अक्षरी भाषासंकेत मागते. मराठीला तो आहे. कोकणीला फक्त तीन अक्षरी संकेत आहेत, त्यामुळे तिथे ही खूण लावायची सोयच उरत नाही. लिपीही एकच असल्याने तोकड्या मजकुरावरून भाषा ओळखणे यंत्राला जड जाते. चार ओळींच्या पानापेक्षा भरघोस मजकुराचे पान इथे फायद्याचे ठरते.

वेगाबद्दल थोडक्यात. गूगल पानाचे मोबाइलवरचे रूपच सूचीसाठी वाचते. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा त्याच्या वेगमापनाचा दंडक आहे. समुद्राचे भलेमोठे फोटो आहेत तसे चढवणारी होमस्टेची पाने हमखास इथे अडखळतात. फोटो लहान करावेत, वेब-पी या हलक्या स्वरूपात ठेवावेत आणि प्रत्येकाला त्यात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर द्यावा.

नकाशावरील शोधात गूगल तीन गोष्टी पाहते : विचारलेल्याशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. व्यवसायाची नोंद, वेळा आणि पत्ता सगळीकडे सारखा असावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये मोप हा गोव्यातला दुसरा विमानतळ सुरू झाल्यापासून ‘विमानतळापासून अर्धा तास’ हे वाक्य निरर्थक झाले आहे. जुना दाबोळी की नवा मोप, ते लिहायलाच हवे. पेडण्यातल्या घराला मोप जवळ, काणकोणच्या घराला दाबोळी. जुनी पाने अजून तशीच पडून आहेत आणि पाहुणे चुकीच्या टोकाला टॅक्सी ठरवतात.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगल स्वतः सांगते. हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. केलेल्या बदलांचा परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने जातात. गोव्यात पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात लागतो, म्हणून पानांची डागडुजी पावसात, जून ते ऑगस्टमध्ये व्हायला हवी. बहुतेक व्यावसायिक मात्र नोव्हेंबरात, खोल्या रिकाम्या दिसू लागल्यावर, एसईओवाल्याला फोन करतात.