मोहोळ पेटीत हलवायची पद्धत आली कुठून?

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये सातेरीचं (आपल्याकडच्या लहान देशी मधमाशीचं) मोहोळ निघालं तेव्हा ग्रुपवर सगळ्यांचं एकच, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. मी भांडले, शेवटी ते पेटीत हलवलं. तेव्हापासून लोक विचारतात की हे असं कधीपासून करतात, म्हणून लिहितेय.

आधी मध काढणं म्हणजे धूर करून माश्या हाकलायच्या, पोळं अख्खं कापायचं आणि पिळायचं, त्यात अंडी-पिल्लं सगळी चिरडून जायची. हे बदललं एका फटीमुळे, खरंच! अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या मधमाश्या पाळणाऱ्याच्या 1851 मध्ये लक्षात आलं की चौकट (माश्या जिच्यात पोळं बांधतात ती लाकडी फ्रेम) आणि पेटीच्या भिंतीत साधारण 9 मिलिमीटर जागा सोडली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. मग चौकट सुटी उचलता येते, बघून परत ठेवता येते, पोळं मोडत नाही. पेटंट 1852 चं, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याच्या आदल्या वर्षीचं.

पण ती पेटी युरोपियन माशीच्या मापाची होती आणि आपली सातेरी अंगाने लहान, तिचं मोहोळही लहान. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी 1911 ते 1917 च्या काळात तिच्यासाठी छोटी पेटी बनवली, लोकांना शिकवलं, माझ्या मते आपल्यासाठी खरा टप्पा हाच. पुढे आपल्याकडे महाबळेश्वरला हे काम वाढलं आणि 1962 ला पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली.

आमच्याकडे केलं ते याच चौकटीच्या जोरावर. पिल्लांचं पोळं हळूच कापून चौकटीला दोऱ्याने बांधलं, थोड्या दिवसांत माश्यांनीच ते मेणाने चिकटवून घेतलं. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग जातात, पण सातेरीला जागा पटली नाही तर ती सगळा संसार सोडून उडून जाते, म्हणून सुरुवातीला दाराशी राणी अडेल अशी जाळी लावतात. 1991-92 ला पिल्लं मारणाऱ्या थाई सॅकब्रूड व्हायरसने दक्षिणेत सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या होत्या, त्यामुळे असं धडधाकट मोहोळ औषध मारून संपवलेलं मला बघवत नाही.

आणि हो, टाकीखाली उघड्यावर लटकतं ते एकच मोठं पोळं आग्या माशीचं. ती पेटीत राहत नाही, सीझन संपला की स्वतःहून जाते, तोवर तिच्या वाटेला जाऊ नका आणि खाली फटाके तर अजिबात नकोत.