विंडोज ११ होम की प्रो: घरच्या संगणकाला काय लागतं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अपग्रेडचा विचार टाळत आलेल्या घरांनाही तो करणं भाग पडलं. दुकानात विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "प्रोच टाका, ते भारी." नवा लॅपटॉप घेतानाही होम आणि प्रो ही नावं अशी समोर येतात, जणू एक साधं आणि दुसरं वेगवान. तसं ते नाही. माझं मत आधीच सांगतो: दहातल्या नऊ घरांना होम पुरतं. उरलेल्या घराला प्रो खरोखर लागतं, पण त्याची कारणं मोजकी आहेत आणि ती आधी ओळखता येतात.

पहिली गोष्ट अशी, की पुष्कळांना इथे निवड करायचीच नसते. विंडोज १० वरून ११ वर जाणारं फुकटचं अपग्रेड तुमच्याकडे जे आहे तेच पुढे नेतं: होमचं होम होतं, प्रोचं प्रो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडलं, की 'एडिशन'समोर तुमचा प्रकार लिहिलेला दिसतो. त्याच्याच खाली २४एच२ किंवा २५एच२ असं काही दिसेल. तो होम-प्रोचा भाग नाही, ती वर्षागणिक येणारी आवृत्ती आहे. ती दोघांनाही मिळते आणि दोघांनाही सारखाच, प्रत्येकी २४ महिने, सपोर्ट असतो. होमचे अपडेट लवकर बंद होतात ही समजूत चुकीची आहे.

वेगही सारखाच. तोच गाभा, तोच अँटिव्हायरस, त्याच गेम, तोच ब्राउझर. होम १२८ जीबीपर्यंत रॅम चालवतं आणि प्रो २ टीबीपर्यंत, पण घरच्या लॅपटॉपमध्ये ८ किंवा १६ जीबी असते, त्यामुळे हा फरक कागदावरच राहतो. संगणक रखडतोय म्हणून प्रो घ्यायचा विचार असेल, तर तेच पैसे एसएसडी आणि रॅमला लावा.

आता खऱ्या फरकाकडे. सगळ्यात महत्त्वाचा फरक डिस्कच्या कुलुपाचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा. लॅपटॉप चोरीला गेला, तर चोराला पासवर्ड माहीत असायची गरज नसते. तो डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि आधारच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट, घरचे फोटो, सगळं उघडतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्याच्या हाती निरर्थक अक्षरं लागतात. प्रोमध्ये यासाठी बिटलॉकर आहे. कोणत्या ड्राइव्हला कुलूप लावायचं, चावी कुठे ठेवायची, संगणक सुरू होताना पिन मागायचा का, हे सगळं त्यात तुम्ही ठरवता. पेनड्राइव्हलाही कुलूप लावता येतं. होममध्ये असा कुलूप लावलेला पेनड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडता येतो, पण नव्याला कुलूप लावता येत नाही.

म्हणून होम उघडं असतं असं मात्र नाही. त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाचं साधं रूप आहे, आणि २४एच२ पासून नव्या लॅपटॉपवर किंवा कोरं, म्हणजे जुनं पुसून नव्याने, इन्स्टॉल केल्यावर, मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की ते आपोआप सुरू होतं. फक्त अपग्रेड केलेल्या जुन्या संगणकावर ते आपोआप सुरू होत नाही. या सोयीची दुसरी बाजू घराघरात समजावून सांगायला हवी असं मला कळकळीने वाटतं. हे कुलूप अडलं तर उघडणारी ४८ आकडी चावी, म्हणजे 'रिकव्हरी की', ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जाऊन बसते. आपल्याकडे नवा लॅपटॉप दुकानदारच 'सेट करून' देतो, कधी स्वतःच्या ईमेलने, कधी तिथल्या तिथे बनवलेल्या आणि नंतर कोणाच्याही लक्षात न राहिलेल्या ईमेलने. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (संगणक सुरू करून देणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाला, की निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते. ती नसेल, तर डेटा परत मिळवायचा दुसरा मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही. तेव्हा लॅपटॉप स्वतःच्या ईमेलनेच सुरू करा आणि ४८ आकडे वहीत उतरवून ठेवा. दुरुस्तीला देताना आधी बॅकअप घ्या. हे होमवाल्यांनी करायचं आणि प्रोवाल्यांनीही.

दुसरा खरा फरक रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून संगणकात शिरून तो चालवण्याचा. घरच्या संगणकावर टॅली आहे आणि कामावरून त्यात शिरायचंय, तर त्या घरच्या संगणकावर प्रो हवं. होमवरून दुसऱ्याच्या प्रोमध्ये जाता येतं, पण होममध्ये बाहेरून कोणाला या मार्गाने येता येत नाही. लोक इथेच उलटं समजतात आणि हातातल्या लॅपटॉपवर प्रो टाकून बसतात. अधूनमधून गावी असलेल्या आईवडिलांच्या संगणकात डोकावून काही नीट करून द्यायचं असेल, तर होममधलं क्विक असिस्ट पुरतं. फक्त फोनवरून कोणी अनोळखी माणूस ते उघडायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्यायला त्यांना आधीच शिकवा.

बाकीचं भराभर सांगतो. ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजच्या खोलवरच्या सेटिंग्ज बदलायचं साधन), हायपर-व्ही (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं), विंडोज सँडबॉक्स (संशयास्पद प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवून बघायची सोय) आणि ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे ऑफिस एका जागेवरून सांभाळतं त्या नेटवर्कला, जोडण्याची सोय फक्त प्रोमध्ये आहे. ऑफिसने डोमेन सक्तीचं केलं असेल तर वादच नाही, प्रो घ्या. पण त्याचा खर्च ऑफिसने करावा हेही त्यांना विचारा. इंजिनीअरिंगच्या मुलांना मात्र प्रो 'लागतंच' असं सांगितलं जातं ते बरोबर नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल होमवर चालतं, प्रोग्रॅम वेगळ्या डब्यांत चालवणारं डॉकर डेस्कटॉप त्याच्या आधाराने चालतं, आभासी संगणक बनवणारं व्हर्च्युअलबॉक्सही चालतं.

आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असं लिहिलेलं असतं. ते होमच. फक्त मेनू आणि सूचनांची भाषा बदलून दुसरी लावता येत नाही. मराठी कीबोर्ड जोडून देवनागरीत लिहायला त्यात काहीही अडचण नसते.

निवड करताना दिशेचाही विचार करा. होमवरून प्रोवर नंतर कधीही जाता येतं. पैसे भरून परवाना घेतला, की थोड्या वेळात आणि फायली न हलवता काम होतं. प्रोवरून होमवर यायचं तर मात्र विंडोज नव्याने टाकावं लागतं. म्हणून शंका असेल तर होमने सुरुवात करा. काहीशे रुपयांत प्रोची की (परवान्याचा कोड) देणाऱ्यांपासून दूर राहा. अशा की बऱ्याचदा एखाद्या कंपनीच्या घाऊक परवान्यातून आलेल्या असतात आणि मायक्रोसॉफ्ट त्या बंद करू शकतं.

या सगळ्याआधी संगणक अकराला पात्र आहे ना, ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या ॲपने बघा. टीपीएम २.० (चाव्या जपून ठेवणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासाचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. यात प्रोला कुठलीही सवलत नाही. कधीकधी टीपीएम असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. तो सुरू केला की काम होतं.

आणि विंडोज पेनड्राइव्हवरून कोरं टाकत असाल, तर इन्स्टॉलर मध्येच होम, होम सिंगल लँग्वेज आणि प्रो अशी यादी दाखवू शकतो. तिथे अबाउटमध्ये आधी पाहून ठेवलेला प्रकारच निवडा. होमचा परवाना असताना प्रो टाकलं, तर ते बसतं, चालतंही, पण ॲक्टिव्हेट होत नाही.