चार्जशीट दाखल झाली तरी हायकोर्टाचे दार बंद होत नाही

“चार्जशीट कोर्टात गेली, आता हायकोर्टात जाऊन काही उपयोग नाही,” असे आरोपीच्या घरच्यांना ठामपणे सांगितले जाते. हे चूक आहे. गुन्हा रद्द करण्याचा हायकोर्टाचा अंगभूत अधिकार (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ५२८) आरोपपत्रानंतरही राहतो. २०१८ मध्ये आनंदकुमार मोहट्टा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून एफआयआर आणि आरोपपत्र दोन्ही रद्द केले. गुन्हा रद्द करण्याच्या अर्जावर हायकोर्टात साक्षीपुरावे मात्र तोलले जात नाहीत. आरोप जसेच्या तसे खरे मानले तरी गुन्हा बनतो का, हे पाहिले जाते.

कोठडीचा प्रश्न वेगळा. ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्कच आहे. फक्त अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधी करावा लागतो, आणि नेमके हेच कुणी वेळेवर सांगत नाही.